पट्ट्यांखालचं पाणी

इरा, अर्णव,

परवाचा तुमचा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. तुमचे बाबा, माझा श्री, हाफ पँट घालून घरामागचा पट्ट्यांचा डेक धुताहेत, अर्णव गुडघ्यांवर बसून ब्रश घासतोय आणि इरा काहीही न करता सगळ्यांना सूचना देतेय. शेवटी तिनं फोन तोंडाजवळ धरून विचारलं, "आजी, हैदराबादच्या घरावर पण असा डेक होता ना? तू तो कसा क्लीन करायचीस?" प्रश्न साधा आहे. पण उत्तर लिहायला बसले तेव्हा भाद्रपद संपत आलेला, खिडकीबाहेर हैदराबादच्या विद्यानगरचं आभाळ राखेच्या रंगाचं होऊन खाली उतरलेलं, आणि पहिल्या ओळीनंतर हात पुढे सरकेना. तुम्हाला मराठी वाचताना अडखळायला होतं हे मला ठाऊक आहे. आई वाचून दाखवेल. तिला म्हणावं, सावकाश वाच.

आधी विचारलेलं सांगते. डेकच्या पट्ट्या धड लाकूड नसतात आणि धड प्लास्टिकही नसतात, दोन्हींचा लगदा करून बनवलेल्या असतात. त्यांना पॉलिश लागत नाही, वाळवी लागत नाही. तारेचा ब्रश मात्र कधी लावायचा नाही, ओरखडा उठला की तो कायमचा. तेल सांडलं तर त्याच मिनिटाला पुसायचं. रबराची चटई अंथरायची नाही, खाली डाग धरतो. कुंडीखाली बशी हवीच. मी रोज सकाळी मऊ केरसुणी फिरवायची आणि दर शनिवारी रिठे भिजवून त्यांच्या कोमट पाण्यानं सगळ्या पट्ट्या लांबीच्या दिशेनं घासायची. इकडे रिठ्याला कुंकुडुकाय म्हणतात, बाजारात तेच नाव सांगावं लागतं. मग पाइपनं धुवायचं. दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट असते. फेस, धूळ, कडुनिंबाची पानं, निंबोळ्या, कुंड्यांतून सांडलेली माती, सगळं त्या फटींतून खाली जातं आणि बघता बघता वर लख्ख होतं.

हे सगळं मी नेमानं केलं. पण तुमच्या डेकखाली माती आहे, गवत आहे. आमच्या डेकखाली एक माणूस राहत होता.

तो माणूस म्हणजे माझे सासरे, तुमचे पणजोबा. सगळे त्यांना आबा म्हणत. देगलूरकडच्या गावात शेती करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सासूबाई गेल्यावर तुमचे आजोबा त्यांना आमच्याकडे घेऊन आले आणि पूर्वेच्या कोपऱ्यातली खोली त्यांना दिली. खिडकीशी कडुनिंब होता, म्हणून. आपलं घर बैठं, वर मोकळी गच्ची, अंगणातून जिना. आबांना घरातलं दुसरं काही फारसं आवडलं नाही, गच्ची आवडली. त्यांच्या गावची घरं माळवदाची. सर म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर फळ्यांच्या चिपा, त्यावर हातभर माती, असं सपाट छप्पर. दरसाल मृगाआधी घरातल्या कर्त्या माणसानं वर चढायचं, उगवलेलं गवत मुळासकट उपटायचं, पांढरी माती पसरून चोपायची आणि पाणी जायच्या पन्हाळीत कोपरापर्यंत हात घालून ती मोकळी करायची. हे काम गड्याला सांगायचं नसतं, असं आबा म्हणायचे. ज्याला खाली झोपायचं आहे त्यानंच वर जायचं. आमच्या गच्चीला माती नव्हती, सिमेंटची होती, तरी ते प्रत्येक उन्हाळ्याच्या शेवटी काठी टेकत वर जायचे, कोपऱ्यातल्या पाणी जायच्या जाळीजवळ उकिडवे बसायचे आणि पाइपाच्या तोंडात हात घालायचे. मी खालून ओरडायची, आबा, त्यासाठी माणूस लावू. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

तेव्हाचं हैदराबाद तुम्हाला कसं सांगू? दर महिन्याला दुकानात काहीतरी असं यायचं, जे त्याआधी फक्त परदेशातून येणाऱ्यांच्या सुटकेसमध्ये दिसायचं. मुलं कॉम्प्युटर शिकून भराभर विमानात बसत होती. आमच्या गल्लीतल्या तीन घरांवर नवे मजले चढले. तुमचे बाबा पहिल्या नोकरीच्या कामासाठी सहा महिने अमेरिकेला जाऊन आले आणि तिथल्या साहेबाच्या घरामागचा डेक त्यांच्या डोक्यात बसला. संध्याकाळी त्यावर बसून माणसं कशी गप्पा मारतात, हे ते जेवताना सांगायचे. तशा पट्ट्या अफझलगंजच्या एका व्यापाऱ्याकडे आल्याचं कळताच स्वतःच्या पगारातून त्यांनी आणवल्या. गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, निंबाच्या सावलीत, डेक करायचं ठरलं. तुमचे आजोबा म्हणाले, "घराचं जहाज करतोय का रे? मग नांगर पण आण." पण ते खूश होते. मीही होते. मुलाच्या कमाईची घरात आलेली ती पहिली मोठी वस्तू.

काम करायला खाजा मिस्त्री आले. जुन्या शहरातले, पन्नाशीचे, दाढीला मेंदी. त्यांनी असलं काम पूर्वी केलेलं नव्हतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. खाली आडव्या दांड्या टाकल्या, त्यावर पट्ट्या. कोपऱ्यातली जाळी डेकखाली जाणार होती. मिस्त्री तिथं थांबले आणि मला बोलावलं.

"अम्मा, ये कोने में एक ढक्कन रखतूं. हात जाने कू. कचरा तो नीचे जाताइच, निकालेंगे कैसा?"

मी कोपरा पाहिला. पट्ट्या सरळ ओळीत आलेल्या, वहीतल्या रेघांसारख्या. तिथं झाकण केलं तर चौकोनी खाच दिसणार, खिळे दिसणार. मी म्हटलं, फटी एवढ्याशा आहेत, कचरा जाईल कशाला, आणि गेला तर पाण्याबरोबर वाहून जाईल. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. पाणी उताराकडे जातं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. त्या आडव्या दांड्या उताराला आडव्या पडल्या आहेत, एकेक दांडी म्हणजे वीतभर उंचीचा बांध आहे, हे मात्र मला दिसलं नाही. मिस्त्री म्हणाले, "आप की मर्जी, अम्मा," आणि ओळ पूर्ण केली.

डेक झाल्यावर आबा एकदाच वर आले. चपला काढून पट्ट्यांवरून चालले, काठीनं ठोकून पाहिलं. एका जागी थांबून पुन्हा ठोकलं.

"पोकळ हाय," म्हणाले. "हात कुठून घालावा?"

घालायची गरजच नाही आबा, हे मेंटेनन्स-फ्री आहे, असं तुमच्या बाबांनी त्यांना समजावलं. त्या शब्दाचा अर्थही सांगितला. आबांनी तो ऐकून घेतला आणि जिना उतरले. त्यानंतर ते गच्चीवर गेले नाहीत.

पहिलं वर्ष डेकचं कौतुक करण्यात गेलं. नल्लकुंट्याहून नातेवाईक बघायला यायचे, हात फिरवून पाहायचे, लाकूड की प्लास्टिक यावर पैजा लावायचे. आम्ही वर चहा प्यायचो. कपबशा उचलल्या की मी लगेच पुसून घ्यायची. हसणं, खुर्च्या सरकवणं, पावलं, सगळं आबांच्या डोक्यावर. ते खिडकीशी बसून निंबाकडे पाहत असायचे.

मी ज्या पावसाळ्याबद्दल लिहितेय तो त्यानंतरचा, दुसरा. तुमचे बाबा पुन्हा अमेरिकेला गेले होते. त्या वर्षी आषाढ-श्रावण कोरडेच गेले. ढग यायचे, दिवसभर बसायचे आणि न बरसता निघून जायचे. हवा ओल्या गोणपाटासारखी अंगाला चिकटायची. अशाच एका कोरड्या दुपारी आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, छतात पाणी चालू हाय. मला आइकू यायलंय."

मी बाहेर पाहिलं. ऊन पडलेलं होतं. वर जाऊन आले. पट्ट्या सुकून करड्या पडलेल्या, एक पानसुद्धा नव्हतं. मी त्यांना तसं सांगितलं. ते मान हलवून गेले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. मग पुन्हा. कधी म्हणायचे चालतंय, कधी म्हणायचे थांबलंय, दम धरून बसलंय. हा शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तो काटा पाण्याच्या भीतीचा नव्हता. आबांचं डोकं हलतंय की काय, या भीतीचा होता.

तुमची आजी व्यवस्थित बाई आहे हे तुम्ही ऐकत आला आहात. मी एक वही घातली. पट्टीनं रकाने आखले. तारीख, वार, आबांनी तक्रार केल्याची वेळ, आणि शेवटचा रकाना पावसाचा, पडला की नाही पडला. दीड महिन्यात अकरा नोंदी झाल्या. अकराही वेळा पाऊस नव्हता. ती वही घेऊन आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी माझ्या रकान्यांचं कौतुक केलं. या वयात कानात आवाज होतात, माणसाला ते बाहेरून आल्यासारखे वाटतात, असं त्यांनी सांगितलं आणि शांत झोप लागण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. घरी परतताना रिक्षात आबांनी तुमच्या आजोबांना विचारलं, "डाक्टरनं वर जाऊन बघितलं काय?" आम्ही दोघंही हसलो.

ती वही मी नंतर कितीदा उघडली असेल. अकरा नोंदींपैकी सात शनिवारच्या दुपारच्या होत्या, चार रविवारच्या. शनिवारी सकाळी मी डेक धुवायची. पावसासाठी मी रकाना आखला होता, धुण्यासाठी नाही. माझं स्वतःचं पाणी मी मोजलंच नव्हतं.

मुलांनो, घर आपल्याला अचानक दगा देत नाही. ते बराच काळ सांगत असतं. त्या भाद्रपदात आबांच्या खोलीचं दार फुगून चौकटीत अडकायला लागलं, मी म्हटलं हवा दमट आहे. कॅलेंडरच्या खिळ्याखाली गंजाचा लांबट ओघळ उतरला, मी खिळा बदलला. मुंग्या तोंडात अंडी धरून भिंतीवरून खाली येत होत्या, छताकडून जमिनीकडे, एका रेषेत, दिवसभर. मी हळद टाकली. कपाटामागे रंगाला रुपयाएवढा फोड आला होता, बोटानं दाबला तर आत मऊ लागला, जखमेसारखा. खोलीत शिरलं की फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याचा वास यायचा. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची खोली आहे. हे लिहितानाही माझी मान खाली जाते. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण होतं, आणि एकेक कारण वेगळं घेतलं तर पटण्यासारखंही होतं.

गोळ्या सुरू झाल्यावर आबा दुपारीही झोपायला लागले. बोलणं कमी झालं. पाण्याचं नाव त्यांनी पहिल्यांदा आठवडाभर काढलं नाही, मग दोन आठवडे, मग तीन. वहीत त्या तीन आठवड्यांपुढे मी एक शब्द लिहिला आहे, स्वच्छ अक्षरात: सुधारणा.

पितृपंधरवडा संपत आला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी घर धुवायची आपली रीत आहे. तो शनिवार नव्हता, तरी मी वर जाऊन दोन तास डेक घासला, चार बादल्या रिठ्याचं पाणी वापरलं. खाली उतरताना मागे वळून पाहिलं तर पट्ट्यांत आभाळ दिसत होतं. संध्याकाळी त्या आभाळातून पाऊस सुरू झाला. इकडे परतीचा पाऊस आला की घाई करत नाही. तो एका लयीत, आवाज न चढवता, रात्रभर पडत राहिला.

सकाळी सहाला चहा घेऊन मी आबांच्या खोलीत गेले. दार खांद्यानं ढकलावं लागलं. आबा खाटेवर भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसले होते. गादी ओली होती, उशी ओली होती, त्यांच्या धोतराचा सोगा भिजून पायाला चिकटला होता. पंख्याच्या दांडीवरून पाणी थेंब थेंब उतरत होतं. वरचा गिलावा पोट सुटल्यासारखा खाली लोंबला होता आणि त्याच्या मधोमध काळा डाग होता. खोलीत दिवा लावलेला नव्हता. त्यांनी हाक मारली नव्हती. किती वेळ ते तसे बसले होते कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि हळू आवाजात विचारलं:

"बाई, हे पाणी तुलाबी दिसायलंय का?"

मी चहा खाली ठेवला, त्यांना उठवलं, आधार देऊन बाहेरच्या खोलीत आणलं. तुमच्या आजोबांनी घराचा मेन स्विच बंद केला. आबांचं अंग कोरडं करून मी त्यांना पांघरूण घालत होते तेव्हा आतून आवाज आला. मोठा नव्हता, कुणीतरी धान्याचं पोतं टाकावं तसा. खाटेच्या उशाकडची बाजू गिलाव्याच्या खपल्यांखाली गेली होती, आणि वर छताच्या सळया दिसत होत्या, गंजून काटक्या झालेल्या.

दोन दिवसांनी पाऊस थांबल्यावर खाजा मिस्त्री आले. त्यांनी कोपऱ्यातल्या पट्ट्या उचकटल्या तेव्हा मी शेजारी उभी होते. खाली काळा चिखल होता, वीतभर. कुजलेली पानं, निंबोळ्यांची पांढरी रोपं उजेडाशिवाय वाढलेली, केसांसारखी मुळं, गांडुळं, आणि दांड्यांच्या प्रत्येक घरात अडलेलं पाणी. त्यावर अजून माझ्या रिठ्याचा फेस तरंगत होता. दोन पावसाळ्यांची घाण मी स्वतःच्या हातांनी, दर शनिवारी, तिथं ढकलली होती. मिस्त्रींनी चिखलात कोपरापर्यंत हात घातला आणि जाळी शोधून काढली. पाणी घरघर करत पाइपात गेलं. ढक्कनाची आठवण त्यांनी करून दिली नाही. हात धुताना एवढंच म्हणाले, "ऊपर से तो आईना रखे थे आप."

तुमच्या बाबांना फोनवर आम्ही सांगितलं, थोडं गळत होतं, डेक काढावा लागला. त्यांना वाईट वाटलं. हे बाकीचं ते आज पहिल्यांदाच वाचतील. श्री, तुला दोष देण्यासाठी हे लिहिलेलं नाही. ओळ सरळ राहावी हा हट्ट तुझा नव्हता, माझा होता.

आणि इरा, क्लीन करायच्या कामात हेही येतं: बाबांना सांगून एक पट्टी सोडव आणि खाली डोकावून बघ. वर्षातून एकदा तरी.

घर दुरुस्त झालं. नवा गिलावा झाला, गच्ची पुन्हा उघडी, पांढरी झाली. गोळ्या मी फेकून दिल्या. आबांचं मात्र एक बिघडलं ते दुरुस्त झालं नाही. त्यांचा स्वतःच्या डोळ्या-कानांवरचा विश्वास गेला तो गेलाच. ज्या माणसानं सत्तर वर्षं नुसत्या वासावरून पाऊस ओळखला, तो आता मला विचारायचा, बाई, उजाडलंय का? निंबावर कावळा हाय का? आपण जेवलाव का? मी हो म्हणाले की मगच तो कावळा त्यांच्यासाठी खरा व्हायचा. आम्ही हे त्यांना शिकवलं होतं, मी आणि माझ्या वहीनं.

पौषात ते खोकल्यानं अंथरुणाला खिळले. एका सकाळी खोलीत लख्ख ऊन होतं, त्यांनी खुणेनं मला जवळ बोलावलं. "छतात पाणी चालू हाय," म्हणाले. पाऊस जाऊन तीन महिने झाले होते. वर काही नव्हतं हे मला माहीत होतं. तरी मी चपला घातल्या, जिना चढून गेले, कोपऱ्यात उकिडवी बसले, जाळी उचलली आणि पाइपात हात घातला. खाली येऊन त्यांच्या खाटेवर बसले.

"आबा, वर कोरडं आहे."

"बघून आलीस?"

"हात घालून आले."

त्यांनी माझा हात हातात घेतला, तळवा उलटा करून पाहिला, त्यावरची धूळ अंगठ्यानं चोळली.

"मग माझ्या कानातच असंल," म्हणाले, आणि डोळे मिटले. आवाजात तक्रार नव्हती.

त्यानंतर ते पंधरा दिवस होते. रोज विचारायचे, रोज मी वर जाऊन यायची. शेवटच्या दोन दिवसांत त्यांचं बोलणं थांबलं. त्या दोन्ही दिवशी मी जिना चढले, हात घालून पाहिला आणि खाली येऊन त्यांच्या कानाशी सांगितलं.